डबा कुणाकडं हाय

सोलापूर शहराला नदी नाही. सीना आहे, पण ती शहराबाहेरून, अंग चोरून जाते. त्यामुळे आमच्या ह्यांनी मोबाइलवर आलेलं एक पत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं, "नदीकाठच्या ऐतिहासिक कामगार वस्तीत आपले आपण फिरा, थांबे अकरा, वेळ अडीच तास", तेव्हा मी मेथी निवडता निवडता विचारलं, "कुठल्या गावची नदी?"

"अगं, इथलीच. जुन्या मिलच्या मागची."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. जुन्या मिलच्या मागून वाहतो तो ओढा आहे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ओढा आणि नदी यांतला फरक कळू नये, हे एरवी मी चार दिवस पुरवून पुरवून बोलले असते. त्या दिवशी मात्र गप्प बसले. कारण वस्तीतली माणसं त्या ओढ्याला नदीच म्हणायची, आणि हे मला ठाऊक होतं, कारण वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मी त्याच ओढ्याकाठच्या चाळीत राहिले होते.

"आधी आम्ही मिलजवळ राहायचो" एवढं मी ह्यांना लग्नाआधी सांगितलं होतं. मिलजवळ मॅनेजरचा बंगलाही होता. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, ते वाक्य मी कधी वाढवलं नाही आणि ह्यांनी कधी विचारलं नाही. जन्मभर शिक्षिकेची नोकरी केली, पोरांना "सविस्तर उत्तरे लिहा" म्हणून दटावत राहिले, आणि स्वतः मात्र एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी झाले.

ह्यांनी पत्रक छापून आणलं. छापून थांबले असते तर ते हे कसले. त्याला लॅमिनेशनही करून आणलं. रविवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीतून हे पांढरी टोपी, पायात नवे बूट, खांद्याला पाण्याची बाटली आणि बगलेत छत्री अशा थाटात उतरले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, "काश्मीरला का?"

माझ्याकडे एक कापडी पिशवी होती. तिच्यात स्टीलचा एक डबा.

"त्यात काय?" ह्यांनी विचारलं.

"शेंगापोळ्या."

"वा! अकराव्या थांब्यावर बसून खाऊ," हे म्हणाले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

आता त्या डब्याचं सांगते, कारण मी घरातून निघाले ती त्याच्यासाठी.

चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत एक तेलुगू कुटुंब होतं. माझे वडील माळशिरसकडच्या खेड्यातून येऊन मिलमध्ये लागलेले, शेजारचे काकाही मिलमध्येच मागावर. काकू घरी विड्या वळायच्या. मी त्यांना पेद्दम्मा म्हणायची. तेलुगूत आईच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. खरं तर माझी आई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. पण पेद्दम्माचा आवाज मोठा होता, म्हणून थोरलेपण तिला गेलं.

डबा मूळचा पेद्दम्माचा. वाटोळा, झाकणावर तिचं नाव घातलेला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत काही आमच्या चाळीनं शोधून काढलेली नाही. पण या दोघींनी ती अशी अंगाला लावून घेतली होती की तो डबा कुठल्याच घरात तीन दिवसांवर टिकायचा नाही. संक्रांतीला तिच्याकडून सकिनालू यायचे, तांदळाच्या पिठाची तीळ घातलेली कुरकुरीत कडी. मग आईच्या शेंगापोळ्या जायच्या. मग चिंचेचा भात यायचा. मग पुरणाचे कडबू जायचे. "डबा कुणाकडं हाय?" हा प्रश्न आमच्या घरात दिवसातून एकदा तरी व्हायचा. त्याचा अर्थ, आता कुणी करायचं. ज्याच्याकडे डबा, त्यानं करायचं. ज्याच्याकडे नाही, त्यानं आपण होऊन काही करायचं नाही. केलं तर तो आगाऊपणा.

भांडणालाही हाच कायदा लागू होता. एकदा नळावरून दोघींची जुंपली आणि तीन आठवडे बोलणं बंद. चौथ्या आठवड्यात आईनं नाक मुरडत कडबू केले. "माझ्या मनात काय बी न्हाय तिच्याशी बोलायचं," ती म्हणाली, "पर डबा अडकलाय न्हवं घरात." डबा गेला आणि संध्याकाळी दोघी एका सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

मग वडिलांनी मिल सोडली, जुळे सोलापुरात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. निघायच्या दिवशी पेद्दम्मानं डबाभर चिंचेचा भात करून दिला, नव्या घरी चूल पेटेपर्यंत असावा म्हणून. म्हणजे डबा आमच्याकडे आला.

आठ दिवसांनी आईनं सहा शेंगापोळ्या केल्या, डब्यात घातल्या आणि मला चाळीत पाठवलं. मी तेव्हा बी.एड. करत होते. बसथांब्यावर उभी असताना हे भेटले. तेव्हा हे माझे 'हे' झालेले नव्हते, मैत्रिणीच्या भावाचे मित्र होते. वडील वकील, घरात गालिचा आणि दाराशी स्कूटर. "कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं. मी हातातल्या डब्याकडे पाहिलं, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि म्हटलं, "कुठं नाही."

आम्ही कंबर तलावावर गेलो. तलावात कमळं होती, बाकावर ऊन होतं. शेंगापोळ्या आम्ही तिथं बसून संपवल्या. दोन मी, चार ह्यांनी. "तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे!" हे म्हणाले. मला लाज वाटत होती ती चाळीची. पोळ्यांची वाटायला हवी होती, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

"दिलास डबा?" आईनं घरी विचारलं.

"दिला."

"काय म्हणली?"

"छान झाल्यात म्हणाली."

डबा मी माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी ठेवला. पुढल्या आठवड्यात नेऊन देऊ म्हटलं. पण पुढल्या आठवड्यात रिकामा कसा नेणार? भरून न्यायचा तर आईला काय सांगून करून घेणार? आणि एकदा 'छान झाल्यात' म्हणून झाल्यावर पेद्दम्माच्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहणार? असं करता करता महिना गेला, वर्ष गेलं. लग्नात तो डबा माझ्याबरोबर सासरी आला, बटणं आणि सुयादोरे घालायला. आई माझ्याकडे राहायला आली की मी तो माळ्यावर टाकायची. एकदा तिनं ब्लाउजचं हूक लावायला सुई मागितली, तर घरात सुई नाही म्हणून मी शेजारून मागून आणली.

इकडे आई वाट बघत होती. कायद्यानं डबा पेद्दम्माकडे होता. "भरून दिल्याला डबा," ती म्हणायची, "चांगलं न्हाय, वाईट न्हाय, काय बी कळवलं न्हाय. आपुन चाळ सोडली म्हणून राग आलाय तिला." माझ्या लग्नाचं बोलावणं करायला ती स्वतः गेली नाही. कार्ड पोस्टानं टाकलं. पेद्दम्मा आली नाही. आईनं त्यानंतर तिचं नाव काढणं कमी केलं. एकाच शहरात, रिक्षानं अर्ध्या तासावर, दोघी आपापल्या दारात बसून राहिल्या.

मागच्या भाद्रपदात आई गेली. त्याआधी काही दिवस अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं मला विचारलं, "तिनं डबा का गं न्हाय पाठवला?"

"विसरली असेल," मी म्हटलं.

तेव्हाही मी खरं बोलले नाही. मरणाच्या दारातल्या आईशी खोटं बोलले, आणि तेही सहा पोळ्यांपायी. ते मला रात्रंदिवस खायला लागलं होतं. निदान पेद्दम्माला तरी सांगायला हवं होतं की माझ्या आईला मिजास चढली नव्हती. पण पेद्दम्मा असेल का, हे माहीत नव्हतं, आणि एकटीनं जायची छाती होत नव्हती. अशात हे पत्रक आलं. थांबा क्रमांक सात : चाळ. मी आदल्या रात्री शेंगदाणे भाजले, तीळ भाजले, गूळ किसला, आणि आईच्या हिशेबानं सहा पोळ्या लाटल्या.

थांबा क्रमांक एक म्हणजे मिलचं फाटक. आत बाभळी माजल्या होत्या. ह्यांनी चष्मा सावरून वाचलं, "या प्रवेशद्वारातून तिन्ही पाळ्यांचे कामगार ये-जा करीत."

"हो का?" मी म्हटलं. या फाटकाशी मी सहा वर्षं वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन उभी राहिले होते.

थांबा दोन, चिमणी. तिच्याबद्दल पत्रकात दीड परिच्छेद होता, तो हे उन्हात उभे राहून पूर्ण वाचेपर्यंत माझं डोकं तापलं. थांबा तीनला सूचना होती : 'येथे दोन मिनिटे डोळे मिटून वस्तीची शांतता अनुभवा.' जागा म्हणजे एक बोळ, दोन्ही बाजूंच्या घरांत टॉवेलचे माग खडाखडा चाललेले, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. पण कागदावर लिहिलंय म्हटल्यावर आमच्याकडे अपील नसतं. ह्यांनी छत्री टेकली आणि डोळे मिटले. एका दारातून एक बाई धावत आली. "चक्कर आली का वो त्यास्नी? पानी आनू?"

"नाही हो," मी ओरडून सांगितलं, "शांतता अनुभवतायत."

ती बाई ह्यांच्याकडे बघत उभी राहिली, आणि दोन मिनिटं पुरी झाल्यावरच आत गेली.

चौथ्या थांब्याला तालीम होती, तिला कुलूप. पाचवा थांबा ओढ्याकाठचे दगड. ओढा आता दोन ढांगांचा राहिलाय, त्यात पाण्यापेक्षा पिशव्या जास्त. ह्यांनी नाकाला रुमाल लावून वाचलं, "या दगडांवर कामगार स्त्रिया कपडे धूत आणि एकमेकींना सुखदुःखाच्या गोष्टी सांगत."

कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बिनबाह्यांचा बनियन घालून बसले होते. ते म्हणाले, "कापडं? हितं? कोण म्हनतंय?"

"पत्रकात आहे," हे म्हणाले.

"पत्रकवाल्यानं हितं पाय तरी ठिवलाय का? सूत धुवायचे हितं. रंगवल्यालं सूत. आज नदी लाल, तर उद्या निळी. हितं धोतर धुतलं असतं तर हिरवं नेसून हिंडावं लागलं असतं की!"

हे कागदाकडे बघत राहिले. छापील गोष्ट खोटी निघाली की ह्यांना कुणीतरी घरातलं माणूस फितूर झाल्यासारखं होतं. म्हाताऱ्यांनी विचारलं, "तुमी कुटले?"

"जुळे सोलापूर."

"मग बराबर हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आन् बाई?"

"हितलीच," मी म्हटलं.

शब्द तोंडातून सुटला तो आईच्या बोलीत सुटला. ह्यांनी रुमाल खाली घेतला.

सहावा थांबा ओढ्यावरचा पूल. तिथं ह्यांनी वाचायला कागद वर केला, तो मी हातानं खाली केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चाळ, पेद्दम्मा, डबा, बसथांबा, आई. सांगून झाल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा :

"चार मी खाल्ल्या?"

"चार."

"मला सांगायचं नाहीस का, की दुसऱ्यांच्या आहेत म्हणून?"

"मग चाळ सांगावी लागली असती."

हे कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "चाळ मला ठाऊक होती. तुझ्या वडिलांनी पहिल्याच भेटीत सांगितली होती. खोलीच्या नंबरासकट."

"आणि तुम्ही पस्तीस वर्षं बोलला नाहीत?"

"म्हटलं, तुला सांगायचं असेल तेव्हा तू सांगशील. मी वाट बघत होतो."

म्हणजे इथंही डबा माझ्याकडेच अडकला होता. मला ह्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठंतरी एवढं हलकं वाटलं की मी कठडा धरला.

"आणि हे पत्रक? हे तुम्हीच काढलंत की काय?"

"छे! पत्रक खरंच आलं होतं," हे म्हणाले. "लॅमिनेशन तेवढं माझं."

सातव्या थांब्यावर ह्यांनी वाचलं नाही. चाळीचे पत्रे बदलले होते, काही खोल्यांना फरशा बसल्या होत्या, पण नळ होता तिथंच होता. नळावर एक बाई कळशी भरत होती. मी तिला म्हटलं, "इथं पेद्दम्मा राहायच्या..." आणि थांबले. या चाळीत पेद्दम्मा दर दुसऱ्या घरात असणार. शेवटी पिशवीतून डबा काढला आणि झाकण तिच्यापुढे धरलं.

तिनं नाव वाचलं. डोळे मोठे केले. "या तर आमच्या सासूबाई की!"

"आहेत?"

"हायती की. दारातच बसल्यात. चला."

तेवढी चार पावलं मला फार लांब वाटली.

पेद्दम्मा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. एवढीशी झाली होती. विड्या वळणं कधीच सुटलं असणार, पण उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होतं, काही नसताना वळत होतं. सुनेनं कानाशी वाकून काहीतरी तेलुगूत सांगितलं. पेद्दम्मानं माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. हात पुढे करून डबा घेतला, झाकणावरून बोट फिरवलं, अक्षरं चाचपली.

"डबा आला," ती म्हणाली.

मग मान वर केली. "शेजारची पोरगी न्हवं तू? रा, रा. कूर्चो, बिड्डा. बस की. किती लांब हाय गं तुमचं जुळे सोलापूर? मला वाटलं लंडनच्या पल्याड हाय." ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "ह्यो जावई व्हय? कार्डावर नाव वाचून घितलं हुतं."

"कार्ड पोचलं होतं?" मी विचारलं.

"पोचलं की. पेटीत ठिवलंय अजून. कार्ड बघून कोन लग्नाला जातंय? तुझी आई डबा घिऊन दारात आली असती, तर मी आदल्या दिशी यिऊन मांडव झाडला असता."

मी बसले नाही. शाळेत चूक कबूल करणाऱ्या पोरीला मी उभं करायची, तशी मीच उभी राहिले आणि सांगून टाकलं. आईनं आठव्या दिवशीच पोळ्या केल्या होत्या. डबा माझ्या हातात दिला होता. मी आणला नाही आणि दिला म्हणून सांगितलं. आईची काही चूक नव्हती.

पेद्दम्माचा अंगठा फिरायचा थांबला.

"किती पोळ्या हुत्या?"

"सहा."

"तू किती खाल्ल्यास?"

"दोन."

तिनं मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं. "आन् चार?"

ह्यांनी छत्री भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि हात जोडले. "चांगल्या होत्या," हे म्हणाले.

पेद्दम्मा हसायला लागली. दात नव्हते, त्यामुळे हसू तोंडभर दिसत होतं. हसता हसता ठसका लागला, सुनेनं पाणी आणलं, पाणी पिऊन पुन्हा हसली. "लबाडांनो! आन् मी सदतीस वर्षं तिला शिव्या घातल्या. घर बांधलं, मिजास चढली म्हनून. कुणी शेंगापोळी दिली तर मी तोंडाला लावायची न्हाय." तिनं पदरानं डोळे पुसले. "आन् ती कुटं हाय? अजून रुसून बसलीय घरात? जा, घिऊन ये तिला. सांग, तुझा दोष न्हाय, माझा बी न्हाय, ह्या दोघांचा हाय. चल म्हनावं."

पाहिलं तर हे माझ्याकडे बघत होते. आता ते मलाच सांगायला हवं होतं.

"आई गेली, पेद्दम्मा. मागच्या भाद्रपदात."

पलीकडच्या खोलीतला माग चालूच होता. पेद्दम्मानं डबा मांडीवर ओढून घेतला. मग तिनं विचारलं, "माझं कदी नाव काढायची?"

मला खोटं बोलता आलं असतं. सरावही होता. "शेवटी काढलं होतं," मी म्हटलं. "म्हणाली, तिनं डबा का नाही पाठवला."

पेद्दम्मानं झाकण उघडलं. आतल्या पोळ्या बोटानं मोजल्या. एकीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि हिरड्यांनी सावकाश चघळला.

"जाड झाल्यात," ती म्हणाली. "तिच्या पातळ असायच्या."

तरी ती पोळी तिनं पूर्ण खाल्ली. कण पडला तो मांडीवरून उचलून खाल्ला. मग सुनेला हाक मारली, उरलेल्या पोळ्या ताटलीत काढायला लावल्या, डबा धुऊन, पुसून आणायला लावला. आणि तो रिकामा डबा दोन्ही हातांत धरून बसली.

"आता डबा माझ्याकडं हाय," ती म्हणाली.

"हो."

"भरून कुनाकडं पाठवू?"

मी रडायला लागले. आई गेली तेव्हा माणसं होती, कामं होती, आल्या-गेल्याचं बघायचं होतं. तेव्हा असं रडायला जमलं नव्हतं. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "माझ्याकडं पाठव."

"तुझ्याकडं?" पेद्दम्मा म्हणाली. "तू वाटेत खातीस."

तिनं चिंच भिजत घालायला सांगितली. भात होईपर्यंत आम्हाला उठू दिलं नाही. ह्यांना बसायला पाट दिला, आणि ह्यांनी तिला पत्रक वाचून दाखवलं, पहिल्या थांब्यापासून. प्रत्येक थांब्याला ती "खोटं हाय" म्हणत होती, आणि हे सुनेकडून पेन मागून त्या लॅमिनेशनवर दुरुस्त्या लिहायला बघत होते. पेन काही उठत नव्हतं.

निघताना तिनं भरलेला डबा माझ्या हातात दिला नाही. ह्यांच्या हातात दिला. "जावई, तुमी धरा. आन् आठ दिसात परत. मी ऐंशीची हाय, लई थांबायला मला येळ न्हाय."

आठ ते अकरा थांबे राहिले ते राहिलेच. रिक्षात हे डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसले होते. विजापूर रस्त्याला लागलो, कंबर तलाव दिसला. रिक्षात चिंचेचा वास भरला होता आणि दोघांनाही भूक लागली होती.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "सरळ घरी."

घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला. हे बूट काढायला बाहेर गेले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हटलं, "आई, डबा आपल्याकडं हाय."

मग दोन ताटं घेतली.